‘मला विष चढत नाही’

सोलापुरात पाऊस लागला, उसात-सोयाबीनात साप दिसू लागले की सर्पमित्रांचे फोन वाजतात. त्यांतला तीन-चार वेळा चावून घेतलेला एखादा छातीठोक सांगतो, "आता मला विष चढत नाही." नेमकी त्याचीच काळजी जास्त.

विष म्हणजे मुख्यतः प्रथिनं. दंशातून, हातावरच्या चिरेतून किंवा वाळलेल्या विषाची धूळ नाकात गेल्यावर शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई (ॲलर्जी घडवणारी) प्रतिपिंडं बनवू शकतं. ही विषाची ॲलर्जी. मग पुढच्या वेळी अगदी थोडं विषही पुरतं. काही मिनिटांत अंगभर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, घसा आवळतो, श्वासाला शिट्टी लागते, उलटी होते, चक्कर येते.

मण्यारीच्या दंशात असं नसतं. तिथे सूज जवळजवळ नसते. पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात. घोणस मात्र फसवते, कारण तिच्या विषानेच, ॲलर्जी नसतानाही, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून रक्त गोठतंय का ते पाहायचं. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच नळी तिरपी करायची. रक्त न गोठता वाहिलं तर ते विषाचं काम. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी घेतली तर चांगलं रक्तही पातळच राहतं आणि निष्कर्ष चुकतो.

ॲलर्जीवर सर्पविषरोधक चालत नाही. तिथे ॲड्रेनालिनच हवं. मोठ्या माणसाला १:१००० चं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. फरक पडला नाही तर ५ मिनिटांनी पुन्हा. ॲव्हिल (ॲलर्जीचं नेहमीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) नंतर, ॲड्रेनालिनऐवजी नव्हे. हे दवाखान्याचं काम. तोवर रुग्णाला आडवं ठेवून पाय वर करा, दम लागत असेल तर अर्धवट बसवा आणि १०८ ला फोन करा. उठवून चालवू नका. रक्तदाब पडलेला माणूस उभा राहताच कोसळतो.

विषबाधेची लक्षणं असतील तर सर्पविषरोधकही द्यावंच लागतं. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्यालाही रिॲक्शन येऊ शकते. आधी कातडीत टोचून केलेली चाचणी ती ओळखत नाही, वेळ मात्र जातो. रिॲक्शन आलीच तर सलाईन थांबवून ॲड्रेनालिन देतात आणि रुग्ण सावरला की पुन्हा हळू सुरू करतात. ‘सोसत नाही’ म्हणून कायमचं बंद करणं महागात पडतं.

घरी गेल्यावर आठवड्याभराने ताप, सांधेदुखी, पुरळ आलं तर ती सर्पविषरोधकाचीच उशिरा आलेली रिॲक्शन असू शकते. डॉक्टरांना सापाचं इंजेक्शन घेतल्याचं आधी सांगा, नाहीतर डेंग्यूच्या तपासण्या सुरू होतात.