ड्रमच्या पोटातली चादर

गिटारवाला गिटार पाठीला लावून निघतो, बासरीवाल्याचं सगळं दुकान एका पिशवीत मावतं, कीबोर्डवालासुद्धा कुरकुरत का होईना पण स्वतःचंच मशीन उचलतो. गावोगाव दुसऱ्याच्या वाद्यावर जाऊन बसणारा ड्रमर एकटाच. ड्रमचं अख्खं किट घेऊन कोण फिरणार, आयोजक टेम्पोचे पैसे देणार असेल तर गोष्ट वेगळी (देत नाही). मग आपण न्यायचं काय तर स्नेअर (पुढ्यातला किणकिणता छोटा ड्रम), सिम्बलची म्हणजे झांजेसारख्या मोठ्या थाळ्यांची बॅग, किकचं म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं पेडल आणि काठ्या, बाकी जे गाव देईल ते. त्यामुळे नवीन गावाचा शो लागला की बाकीचे विचारतात पब्लिक कसंय, हॉटेल कुठलंय, आणि मी विचारतो किट कुणाचं आहे. समोरून ठरलेलं उत्तर येतं, "एकदम मस्त आहे सर, टेन्शन नका घेऊ." हे ऐकलं की मी बॅगेत जास्तीचे वॉशर, सुतळी आणि चिकटपट्टी टाकतो.

सोलापूरचा शो लागला तो ऐन एप्रिलात. रात्री कल्याणला सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली की सकाळी सोलापूर, हे एक बरंय. सिम्बलची बॅग गोल, काळी आणि जड, ती लोअर बर्थखाली सरकवताना समोरच्या काकूंनी विचारलंच, "केटरिंगचं काम का तुमचं?" मी हो म्हणालो, कारण खरं सांगितलं की पुढे टीव्हीवर कधी आलात का इथपर्यंत जातं. पण काकू पक्क्या निघाल्या, सोलापुरात कुणाचं लग्न, किती पान, मेन्यूत काय, दौंड येईपर्यंत मी एक अख्खं लग्न लावून दिलं. शेंगा पोळी ठेवा हं, मुंबईवाले विसरतात, असं त्यांनी बजावून सांगितलं आणि झोपल्या.

गाव आम्हाला दिसतं ते रिक्षातून, हॉटेल ते स्टेज, स्टेज ते हॉटेल. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा चौक, चार पुतळा, तेवढा नीट बघितला. १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली, ती नावं शाळेच्या पुस्तकातली. रिक्षावाल्याने न सांगता स्पीड कमी केला, मला बरं वाटलं.

शो एका लॉनवर होता, उघड्यावर, आणि साउंड चेक दुपारी. ऊन असं की सिम्बलला हात लावून बघितला आणि लगेच काढला. किट मात्र खरंच बरं होतं, जुनं पण निगा राखलेलं. भाड्याच्या सायकलवर बसताना आपण आधी सीट वर-खाली करतो तसं माझंही स्टुलापासून सुरू होतं, मग पेडल, मग टॉम, म्हणजे काठीने वाजवायचे बाकीचे ड्रम, जवळ ओढायचे. किक वाजवून बघितला तर आवाज एकदम आटोपशीर, ठप्प आणि बंद. भाड्याच्या किटचा किक एवढा शहाणा नसतो, तो बिनकामाचा घुमत राहतो, म्हणून त्याच्या आत उशी नाहीतर काहीतरी जाड कोंबतात, ते दोन्ही बाजूंच्या हेडला, म्हणजे ताणलेल्या पडद्याला, टेकलं की घुमणं खातं. इथे काय कोंबलंय बघायला पुढच्या भोकातून हात घातला तर हाताला लागली चादर, सोलापुरीच. जाड सुती, घडी घालून नीट बसवलेली, टोक बाहेर ओढलं तर लाल-पांढरा मोर. नक्षी छापलेली नाही, विणलेली, त्यामुळे उलटी केली की तोच मोर रंग बदलून समोर.

"अण्णा, कशाला काढलालाव ती? आत असू दे की," साउंडवाल्याचा पोरगा मागून ओरडला. हा पोरगा मोबाईलवर घरी तेलुगूत बोलायचा, लाइटवाल्याशी कन्नडमध्ये भांडायचा आणि माझ्याशी मराठीत, आणि तिन्हीकडे स्पीड तोच. स्नेअर फार किणकिणतोय म्हणालो तर खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची चौघडी करून माझ्या स्नेअरवर ठेवली, तोही अर्थात सोलापुरीच. रिंगो स्टार १९६९ च्या सुमारास ड्रमवर किचनमधले टॉवेल टाकून रेकॉर्डिंग करायचा, त्याला हा माल मिळाला असता तर काय सांगावं.

टॉम मात्र उन्हाने उतरत होते. हल्लीची हेड प्लॅस्टिकची, १९५७ च्या आसपास ती बाजारात आली आणि कातड्याचा जमाना मागे पडला, पण प्लॅस्टिक तापलं की सैल पडतं आणि सूर खाली बसतो. मी चावी घेऊन एकेक बोल्ट पिळत बसलो होतो आणि तेवढ्यात रस्त्यापलीकडे एका वरातीतला हलगीवाला कागद पेटवून त्यावर हलगी शेकत होता. कातडं तापलं की ओल जाऊन ताणलं जातं, आवाज कडाडतो. म्हणजे एकाच उन्हात माझं वाद्य बसत चाललेलं आणि त्याला वरून आणखी जाळ हवा! त्याने दोन-चार थाप मारून बघितल्या, असला करकरीत आवाज आला की मी चावी खिशात टाकून ऐकतच राहिलो.

संध्याकाळपर्यंत वेळ होता. पोरगा म्हणाला चला अण्णा, चादर एवढी आवडली तर माग दाखवतो, आणि बाइकवर बसवून पूर्व भागात घेऊन गेला. त्याचे वडील यंत्रमागावर. गल्लीत शिरायच्या आधीच आवाज यायला लागतो, खट्टक खट्टक, आणि आत गेलात की बोलणं संपलं, सगळं हातवाऱ्यांनी. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे फेकला जातो, फणी पुढे येऊन धागा ठोकते, वर जेकॉर्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकत राहते आणि त्या भोकांवरून ठरतं कुठला धागा उचलायचा, तेव्हा कुठे मोराची मान होते. पण मला खरं धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. एक माग स्वतःपुरता घड्याळासारखा पक्का, पण शेजारचा त्याच्याहून किंचित सावकाश. त्यामुळे दोघांचे ठोके एकावर एक पडतात, मग हळूहळू सुटतात, मधेच असं वाटतं की दुसरा पहिल्याला उत्तर देतोय, मग पार गोंधळ, आणि पुन्हा एका क्षणाला धाडकन एकत्र. असे ओळीने माग. मी मांडीवर बोटांनी त्यातली सम पकडायला गेलो, सापडली की निसटायची. हे स्टेजवर दोन ड्रमरना वाजवायला सांगा, आठवडाभर तालीम करतील आणि तरी भांडतील. शिवाय मी कानात प्लग घालून वाजवतो, इथे बहुतेकांच्या कानात काही नाही, एखाद्याच्या कापसाचा बोळा, आणि हे रोज अख्खी पाळीभर. ते मला पटलं नाही, अजून पटलेलं नाही.

शो चांगला झाला. ड्रमरला शो म्हणजे गायकांच्या पाठी आणि त्यांच्यामधून दिसेल तेवढं पब्लिक. सोलापूरकर आधी हाताची घडी घालून तपासतात, तिसऱ्या-चौथ्या गाण्याला घडी सुटते आणि मग मागच्या खुर्च्यांवरून फर्माइशी, एक तेलुगू, एक कन्नड, आमच्या गायकाला दोन्ही येत नाहीत. त्याने नुसतं ला-ला केलं, शब्द पब्लिकने म्हटले, आम्ही मागून ठेका धरला. किक शेवटपर्यंत एकदा घुमला नाही.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी रात्रीची, म्हणून चाटी गल्लीत गेलो. दुकानदार मामांनी चादरींचा ढीग उलगडायला घेतला. "सिंगल का डबल?"

म्हटलं, "बावीस इंची आहे."

"काय बावीस इंची?"

"ड्रम. त्याच्या आत घालायचीय."

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग पोऱ्याकडे बघितलं. "ते ऱ्हाऊ द्या. झोपणार किती जण, ते सांगा."

सिंगल घेतली. मोर होता, हिरवा.