एकाच मंचावर फंक आणि रॉक: वीस फुटांनी काय बदलतं

मुरलेला फंक बँड आणि मुरलेला रॉक बँड एकाच रात्री वाजवणार असतील, तर तिकीट काढताना सगळ्यांची नजर पहिल्या रांगेवर असते. रॉकसाठी ते चालून जातं, फंकसाठी नाही. रॉकची गिटार लांबते, भरते, थोडा घुमारा मिसळला तरी तिचं फारसं बिघडत नाही. फंकचा जीव मात्र दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेत असतो, आणि ती जागा बुजली की उरतो नुसता गलका.

तबला ऐकणाऱ्याला फंक समजायला एक शब्द पुरे: सम. फंक घडवणारा गायक जेम्स ब्राउन याचा आपल्या वादकांकडे हट्ट असायचा तो ‘द वन’चा, म्हणजे चार मात्रांतल्या पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र उतरायचं. रॉकमध्ये वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच्या स्नेअरला, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमला. फंकमध्येही ती स्नेअर असते, पण सगळे घरी परततात ते समेवर. मधल्या वेळात बास, गिटारचे दाबलेले फटकारे आणि हाय-हॅट (पायाने उघड-बंद होणारी झांजांची जोडी) एका मात्रेचे चार भाग करून खेळत असतात. बास वाजवणारा लॅरी ग्रॅहम आईच्या बँडमध्ये ड्रमर नव्हता म्हणून अंगठ्याने तार ठोकून किकचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) आणि बोटाने तार ओढून स्नेअरचं काम करायला लागला. स्लॅप बास तिथून आला, म्हणून तो ऐकताना बास आणि ड्रम वेगळे काढताच येत नाहीत.

आता हिशेब. १०० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला १०० मात्रा असताना, एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग १५० चा. आवाज सेकंदाला साधारण ११०० फूट जातो. सभागृहात तुम्ही पुढे बसला आहात आणि मागची सपाट, प्लास्टरची भिंत तुमच्यापासून ८० फुटांवर आहे असं धरा. आवाज तुमच्यावरून भिंतीपर्यंत जाऊन परत येतो, १६० फूट, म्हणजे जवळजवळ १४५ मिलिसेकंद. हा प्रतिध्वनी बरोबर पुढच्या पाव मात्रेच्या डोक्यावर येऊन बसतो. वादकाने जी जागा रिकामी ठेवली ती भिंतीने भरून टाकली. नागपूरचं सुरेश भट सभागृह असो की वसंतराव देशपांडे, फंकसाठी मी मधल्या रांगा घेईन, साउंडवाल्याच्या टेबलाजवळच्या. तो जे ऐकून मिसळतो आहे तेच तुम्हालाही ऐकू येतं. शिवाय पहिल्या रांगेत मुख्य स्पीकरपेक्षा गिटारचे अँप आणि मंचावरचे मॉनिटर (वादकांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर) जास्त कानावर येतात, गायकाचा आवाज मात्र हरवतो.

मैदानात भिंत नसते, तिथे घोटाळा बासचा होतो. सब-वूफरचे, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचे, ढीग मंचाच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यात रचलेले असतात. समजा त्यांच्यात ४० फूट अंतर आहे आणि तुम्ही मंचापासून ८० फुटांवर, अगदी मधोमध उभे आहात. दोन्हीकडचा आवाज एकाच वेळी पोचतो, बास छातीत वाजतो. आता २० फूट बाजूला सरका. एका ढिगापासूनचं अंतर दुसऱ्यापेक्षा जवळजवळ साडेनऊ फुटांनी जास्त झालं. किकच्या खोल आवाजाच्या, म्हणजे ६० हर्ट्झच्या, लाटेची लांबी साडेअठरा फुटांच्या आसपास, साडेनऊ म्हणजे जवळजवळ तिचा अर्धा. एक लाट वर जाते तेव्हा दुसरी खाली, आणि किकचा गाभाच नाहीसा होतो. त्याच मैदानात, त्याच तिकिटात. कस्तुरचंद पार्कसारख्या मोकळ्या जागेत बास पातळ वाटला तर बँडला नावं ठेवण्याआधी दहा पावलं मध्याकडे चालून बघा. आयोजकांकडे याचा इलाज आहे: सगळे सब मंचाच्या पुढे मध्यभागी एका ओळीत ठेवायचे. पाहुण्यांच्या सोफ्यांसमोर ते दिसायला बरे नाहीत म्हणून बहुतेक वेळा ठेवत नाहीत, आणि मला ते फार लागतं.

क्रम कुठला असावा? आधी फंक, मग रॉक, असं माझं ठाम मत आहे. तासभर जोरकस गिटार ऐकल्यावर कान तात्पुरते बोथट होतात आणि आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येईनासं होतं, म्हणजे नेमकी हाय-हॅट आणि गिटारचे फटकारे. साउंडचेकचा, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासण्याचा, क्रम मात्र उलटा: शेवटी वाजवणारा बँड आधी तपासायचा, पहिला वाजवणारा शेवटी, म्हणजे त्याची मांडणी जागची हलत नाही.

उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो. मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते. पावणेसातला सुरुवात, प्रत्येकी ७० मिनिटं, मध्ये २५ मिनिटं बदलासाठी, शेवटी १५ मिनिटं एकत्र: पावणेदहा. उद्घाटनाची भाषणं लांबली की कात्री लागते ती एकत्र वाजवण्यालाच, ज्यासाठी लोक आलेले असतात.

बदल २५ मिनिटांत बसवायचा तर दोन्ही ड्रमसेट चाकांच्या चौथऱ्यांवर, माइक लावूनच तयार हवेत. वाहिन्यांचा, म्हणजे साउंडवाल्याच्या टेबलात जाणाऱ्या माइक आणि तारांचा, हिशेब आधी कागदावर करावा. फंक बँड: ड्रम १०, पर्कशन ३, बास २, गिटार २, कीबोर्ड ४, ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन) ३, गायक ४, एकूण २८. रॉक: ड्रम १०, बास २, गिटार ४, कीबोर्ड २, गायक ३, एकूण २१. बेरीज ४९, आणि टेबल असतं ४८ चं. हे संध्याकाळी सहाला लक्षात आलं तर घाईत कुणाचा तरी माइक निघतो, बहुधा पर्कशनचा. गायकांचे माइक दोन्ही बँडना सामाईक ठेवले की प्रश्न दुपारीच सुटतो.

वीज. फंक गिटारवाल्याकडे बहुतेक वेळा सिंगल-कॉइल पिकअपची (तारांचा कंप पकडणाऱ्या एकेरी वेटोळ्याची) गिटार असते. ती लाइट कमी-जास्त करणाऱ्या डिमरची गुणगुण लगेच पकडते; रॉकवाल्याच्या हंबकरला, म्हणजे दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपला, ती त्यामानाने कमी लागते. लाइट आणि साउंड एकाच जनरेटरवर असले की हमखास हे होतं, म्हणून दोन जनरेटर. गुणगुण घालवायला कुणी अर्थिंगची पिन काढत असेल तर त्याला तिथेच थांबवा. गिटार हातात आणि ओठ माइकला, असा शॉक जीवघेणा असतो.

नागपूरच्या डिसेंबरची एक खास अडचण आहे. साउंडचेक दुपारी तीनला, २८ अंशांत. एकत्र वाजवणं रात्री साडेनऊला, १५-१६ अंशांत. थंडीने ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन उतरतात, कारण नळीतली हवा गार झाली की स्वर खाली येतो. गिटारची तार आकसून चढते. एक खाली, एक वर, आणि एकत्र गाण्यात ते कानाला बोचतं. उपाय साधा: सगळ्यांनी कीबोर्डला धरून ऐन वेळी पुन्हा जुळवायचं आणि ब्रासवाल्यांनी शिरण्याआधी दोन-तीन मिनिटं वाद्यात ऊन श्वास सोडत राहायचं.

एकत्र वाजवण्याचा नमुना बघायचा तर ‘शिकागो’ हा रॉक बँड आणि ‘अर्थ, विंड अँड फायर’ हा फंक बँड यांच्या २००४ च्या दौऱ्यातलं लॉस एंजेलिसच्या ग्रीक थिएटरमधलं चित्रण बघा. दोन्ही बँड मिळून सुरुवात, मग आपापलं, शेवटी पुन्हा सगळे. दोन ड्रमर असताना कोण काय सोडतो, हे त्यात बघण्यासारखं आहे. दोन ड्रमसेट २५ फुटांवर ठेवले तर एकाचा ठोका दुसऱ्याला २२ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ‘ठप’चं ‘ठ्रप’ होतं. सेट शेजारीशेजारी हवेत, किक-स्नेअर एकाकडे, टॉम (बाकीचे ड्रम) आणि झांजा दुसऱ्याकडे. बास वाजवणारा एकच. रॉक गिटारवाल्याने व्हॉल्यूम दहापैकी सहावर आणायचा, नाहीतर फंकचे फटकारे त्याच्याखाली गाडले जातात.

स्वर ठरवतानाही गोम आहे. गिटारवाल्यांना ई ही पट्टी आवडते. पण ट्रम्पेट आणि सॅक्स वेगळ्या स्वरावर बांधलेले असतात, त्यामुळे ई म्हणजे ट्रम्पेटवाल्याला सहा शार्प (अर्ध्याने चढवलेले स्वर) आणि आल्टो सॅक्सवाल्याला सात, बोटांची कसरत. अनेक जुने रॉक बँड गिटार अर्ध्या स्वराने उतरवून ठेवतात, वयोमानाने गायकाला वरचे स्वर जड जातात म्हणून. तोच ई तेव्हा ई-फ्लॅट वाजतो: ट्रम्पेटला एक फ्लॅट (अर्ध्याने उतरवलेला स्वर), आल्टोला काहीच नाही. गायकासाठी केलेली सोय ब्रासच्याही कामी येते.

आणि टाळ्या. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या, भजनासारख्या पहिल्या-तिसऱ्यावर नको. मात्र १६५ फूट मागे उभे असाल तर गाणं तुमच्यापर्यंत १५० मिलिसेकंदांनी येतं, टाळी परत जायला आणखी १५०. मंचावर ती बरोबर अर्धी मात्रा उशिरा, दोन ठोक्यांच्या मध्ये पडते. त्या वेळी ड्रमरकडे बघा: तो मैदानाकडे न बघता मान खाली घालून कानातल्या मॉनिटरवर वाजवत असतो, आणि बासवाला त्याच्या उजव्या पायाकडे बघत असतो.