डावीकडून तिसरी

9 जून

पावसाला जोर चढण्यापूर्वी खालच्या खोलीतले सामान माळ्यावर चढवायचे, हा 2019 पासून आमच्या घराचा शिरस्ता आहे. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले आणि आमच्या खालच्या कपाटातले आठ अल्बम पाच दिवस पाण्यात राहिले. पाने सोडवायला बसलो तेव्हा चेहरे फोटोवर न राहता वरच्या प्लॅस्टिकच्या कागदाला चिकटून आले. वाचले ते फक्त संगणकातले फोटो, कारण संगणक वरच्या मजल्यावर होता. तेव्हापासून डिजिटल फोटोंना मरण नाही, अशी माझी सोयीस्कर समजूत झाली होती.

आज माळ्यावर 14 सीडी सापडल्या. वरच्या सीडीवर माझ्याच अक्षरात ‘गणपती 2004’ असे लिहिलेले आहे. घरातल्या एकाही लॅपटॉपला सीडी घालायची सोय उरलेली नाही, म्हणून ओळखीच्या फोटो स्टुडिओत गेलो. तिथे नऊ उघडल्या आणि पाच नुसत्याच घरघरत राहिल्या. घरी लिहिलेल्या सीडीत मजकूर रंगद्रव्याच्या पातळ थरात उमटवलेला असतो आणि ऊन, उष्णता व दमट हवा यांनी तो थर बिघडतो, असे तिथल्या मुलाने समजावून सांगितले. आमचा माळा पत्र्याखाली आहे. ‘गणपती 2004’ उघडली नाही.

10 जून

सगळे फोटो एका हार्ड डिस्कवर उतरवले आणि आकडा पाहून हबकलो: 38,000. त्यांत एकाच केकचे अकरा फोटो आहेत, गॅस सिलिंडरच्या पावत्या आहेत आणि व्हॉट्सॲपवरून आलेली शुभप्रभाताची फुले तर शेकड्यांनी आहेत. हा ढिगारा मुलांच्या हाती देणे म्हणजे वारसा नव्हे, ती एक शिक्षाच होईल.

याहून मोठा धक्का दुपारी बसला. 2009 च्या सुमारास मी पिकासा हे फोटो लावून ठेवायचे गूगलचे सॉफ्टवेअर वापरत असे. एकेका फोटोखाली दोन शब्द टंकत असे आणि चेहऱ्यांना नावेही देत असे; त्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या असतील. पुढे 2016 मध्ये गूगलने पिकासा बंद केले. आज ते जुने फोटो उघडले, तर फोटोखालचे शब्द जसेच्या तसे आहेत (नरसोबाची वाडी, पौर्णिमा; तेही रोमन लिपीत, कारण तेव्हा मला मराठी टंकता येत नव्हते), पण चेहऱ्यांची नावे मात्र नाहीत. कारण शोधले तेव्हा कळले की पिकासा फोटोखालचा मजकूर जेपीजी फाइलच्या आतच लिहीत असे, आणि चेहऱ्यांची नावे मात्र, वेगळी सूचना दिल्याखेरीज, शेजारच्या एका छोट्या फाइलमध्ये आणि स्वतःच्या नोंदवहीत ठेवत असे. फोटो एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना त्या छोट्या फाइली मी कचरा समजून पुसल्या होत्या.

गूगल फोटोजमध्येही मी तीच चूक करत होतो. तिथे लिहिलेले वर्णन फोटो उतरवून घेताना फोटोच्या आत येत नाही, सोबतच्या वेगळ्या फाइलमध्ये येते. आता डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर घेतले आहे आणि नावे, गाव, प्रसंग हे सारे फोटोच्याच पोटात लिहायला सुरुवात केली आहे. वडील फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने लिहीत असत, ते याहून निराळे नव्हते.

14 जून

निवडीवरून हिचे आणि माझे खटके उडत आहेत. मी हललेले, अंधारलेले फोटो बाजूला काढत होतो. त्यांत पुतणीच्या वाढदिवसाचा एक फोटो होता, ज्यात पुतणीचा चेहरा म्हणजे नुसता पुसट गोळा आहे. मी तो पुसणार, इतक्यात ही म्हणाली, “अहो, थांबा. मागे बघा.” मागे वाड्याचे माजघर आहे: तांब्याचा बंब, कोनाड्यातली चिमणी, उखळावर झाकलेला पाट आणि दाराआड आईचा अर्धा हात, ज्यात पाटली स्पष्ट दिसते. वाडा 2011 मध्ये पाडला आणि माजघराचा दुसरा फोटो आमच्यापाशी नाही. वाढदिवस, लग्ने आणि सहली यांचे फोटो आम्ही हजारांनी काढले, पण रोजच्या स्वयंपाकघराचा एक फोटो मुद्दाम काढावा असे कोणाला सुचले नाही.

एका मुंजीचे 60 फोटो 1 जानेवारी 2000 या तारखेखाली सापडले. कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती आणि त्याचे घड्याळ मूळपदावर गेले होते. ट्रंकेत पत्रिका निघाली म्हणून खरी तारीख लावता आली: 8 मे 2005.

22 जून

अखेर 740 फोटो ठरले. बाकीचे पुसले नाहीत, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत. तेवढे धैर्य मला झाले नाही.

तीन प्रती कराव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर ठेवाव्यात आणि एक घराबाहेर असावी, असा एक नियम आहे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे तो रूढ झाला. पुराच्या गावात राहणाऱ्याला त्यातला शेवटचा भाग शिकवावा लागत नाही. एक डिस्क इथे राहील, एक मुलीकडे पुण्यात जाईल आणि तिसरी प्रत गूगलच्या खात्यात आहे. दोन वर्षे वापर नसलेली खाती डिसेंबर 2023 पासून पुसली जाऊ शकतात, म्हणून त्या खात्यात आजच व्यवस्था केली: सहा महिने माझी काही हालचाल दिसली नाही, तर मुलीला कळवले जाईल आणि फोटो तिला उतरवून घेता येतील. ही सोय 2013 पासून आहे. बँकेत मी जन्मभर इतरांच्या खात्यांना वारस लावून दिले. स्वतःच्या या खात्याला लावायला मात्र इतकी वर्षे लागली.

रात्री नावे लिहिताना एका फोटोपाशी दोघेही अडलो. आमच्या लग्नातला गट आहे, पुराच्या आधी स्कॅन केलेला. डावीकडून तिसऱ्या बाईंना मीही ओळखले नाही आणि हिनेही नाही. मिरजेला मोठ्या वन्संना हिने फोन लावला, पण फोनवर सांगून काय कळणार? त्या रविवारी येणार आहेत. वन्सं आता 84 वर्षांच्या आहेत, आणि त्या फोटोतली माणसे ओळखणारे त्यांच्याखेरीज कोणी उरलेले नाही. तोवर फाइलमध्ये लिहून ठेवले आहे: ‘डावीकडून तिसरी: वन्संना विचारणे.’