आत्याचा प्रायमस: घासायचं किती, थांबायचं कुठे

पहिली बैठक, शनिवार

साताऱ्याहून आत्याचा स्टोव्ह अखेर घरी आला. कित्येक वर्षं तो माळ्यावर रद्दीच्या गठ्ठ्यामागे पडून होता. बर्नर काळाकुट्ट, टाकीवर रॉकेल आणि धूळ मिळून चढलेला चिकट राप, आणि पाय टाकीला जिथे डाखलेत तिथे हिरवा कळंक. पंपाचा दांडा मात्र हाताने ओढला तसा आला, त्यामुळे मला खूप बरं वाटलं. दांडा अडकलेला असला की निम्मी लढाई तिथेच होते.

आज फक्त कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि दातांचा जुना ब्रश. पावडर नाही, चिंच नाही. तिसऱ्यांदा पाणी बदललं तेव्हा टाकीच्या खांद्यावर गोल फिरणारी अक्षरं वर आली: प्रायमस, बी. ए. योर्ट, स्टॉकहोम. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ मध्ये स्वीडनमध्ये बिनवातीचा, भांड्याला काजळी न लावणारा स्टोव्ह केला, त्या घराण्यातला हा. अक्षरांच्या खाचा इतक्या उथळ की त्यावरून नख फिरवलं तर जेमतेम अडतं.

ती अक्षरं दिसली तेव्हाच ठरवलं की या टाकीला मशीनचा बफ लागणार नाही. माझा दुसरा स्टोव्ह, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला, मी एका बफिंगवाल्याकडे दिला होता. परत आला तो सोन्यासारखा झळकत, पण नाव पुसलेलं आणि तेल भरायच्या तोंडाचे आटे बोथट झालेले. झाकण कितीही आवळलं तरी तो आजही हवा धरत नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. गेलेलं पितळ परत आणता येत नाही.

दुसरी बैठक, रविवार: बर्नर

आधी जेट काढला, म्हणजे रॉकेलची वाफ ज्या बारीक भोकातून बाहेर येते तो तुकडा. मग बर्नर मंद लाल होईपर्यंत तापवला आणि चिमट्याने धरून बादलीतल्या पाण्यात सोडला. चर्र आवाज झाला आणि पाण्यात काळे पापुद्रे तरंगायला लागले. असं तीनदा केलं. आतल्या नळ्यांमध्ये जळलेल्या रॉकेलचा कोळसा बसतो. ब्रश तिथे पोचत नाही, पण तापणं आणि एकदम गार होणं यामुळे कोळसा सुटतो. बर्नरचे सांधे पक्क्या झाळाचे असतात, म्हणून तो ही आच सोसतो. टाकीला हा प्रयोग चुकूनही करू नका. तिथला कथील-शिशाचा डाख दोनशे अंशांच्या आतच पातळ होतो.

नंतर एक लिटर गरम पाण्यात दोन चमचे लिंबूफूल घालून बर्नर वीस मिनिटं बुडवला. घड्याळ लावून. आधीच्या एका स्टोव्हचं झाकण मी रात्रभर तसंच ठेवलं होतं आणि सकाळी ते गुलाबी होऊन निघालं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पाणी आधी वरचा काळेपणा खातं, आणि वेळ मिळाला तर जस्तही ओढून घेतं. मागे उरते ती तांब्याची गुलाबी साय. वरवरची असेल तर पॉलिशने जाते. खोल गेली असेल तर धातू आतून पोकळ, ठिसूळ होतो. आजीची चिंच हेच काम करायची, पण ती चोळायची आणि लगेच धुवायची. त्या लगेच धुण्यातच सगळी कला होती.

बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात एक बुडी, स्वच्छ पाणी, मग उन्हात.

जेटचं भोक भिंगाखाली पाहिलं तर कडेला एक काळा कण डोळ्यातल्या कुसळासारखा बसला होता. पिन आत ढकलू नका, आधी भिजवा. जोर केला की भोक लांबट होतं, आणि मग ज्योत एका अंगाला पिवळी जळते. मी अर्धा तास भिजवून मगच पिन मारली. उजेडाकडे धरलं तर टाचणीच्या टोकाएवढा नितळ गोल ठिपका. आजच्या दिवसातली सगळ्यात आनंदाची गोष्ट हीच.

मंगळवार रात्र, थोडंसं

पंपाचं चामडी वायसर वाळून कडक झालं होतं. गोडेतेलात भिजत घातलंय.

तिसरी बैठक, पुढचा रविवार: टाकी

पॉलिशबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. अमोनिया असलेलं पॉलिश मी दाबाच्या टाकीवर वापरत नाही. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवली जायची आणि त्यांना आपोआप चिरा पडायच्या. कारण नीट कळलं ते १९२१ मध्ये: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि ठोकून-ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण. आपली टाकीही पत्रा ओढूनच घडवलेली, शिवाय आत हवेचा दाब. एकदा पुसल्याने चीर पडेल असं नाही, पण सांध्याच्या फटीत पॉलिशचा पांढरा गाळ वर्षानुवर्षं साठून राहतो. मला ती जोखीम नको.

म्हणून आधी पितांबरी, ओल्या सुती फडक्यावर, हलक्या हाताने. अक्षरांवर तीसुद्धा नाही, तिथे फक्त बोट आणि साबण. पोटाच्या बाजूला दोन खोल चरे होते, तेवढ्यापुरता दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी घालून. तारेचा काथ्या अजिबात नाही. त्याचे ओरखडे काढायला जितकं पितळ घालवावं लागतं, तितकं वापरातल्या पन्नास वर्षांतही झिजत नसेल.

टाकी आता आरशासारखी नाही. मधाच्या रंगाची आहे, अक्षरांच्या तळाशी थोडा काळसरपणा आहे, आणि त्यामुळेच नाव लांबून वाचता येतं. पातळ मेण लावून फडक्याने पुसून घेतलं. मुंबईकर मंडळींनी मेण चुकवू नये, खाऱ्या हवेत उघडं पितळ आठवड्यात मावळतं.

चौथी बैठक: हवा धरते का

टाकी जवळजवळ पूर्ण पाण्याने भरली, तेलातून काढलेलं वायसर बसवलं, शिशाचं नवं वायसर घालून बर्नर आवळला. जेटच्या जागी बूच. दहा हात पंप मारले आणि प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. पाण्याने भरायचं कारण असं की सांधा सुटलाच तर पाणी फक्त गळतं. नुसती कोंडलेली हवा पत्रा फाडून बाहेर येते.

झाकण कोरडं. बर्नरचा सांधा कोरडा. मागच्या पायाच्या डाखाशी मात्र मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला, आणि पुन्हा आला. जिथे कळंक होता, नेमका तिथेच. कळंकाने डाखाखालचं पितळ खाल्लं होतं आणि राप निघाला तेव्हा ते भोक उघडं पडलं.

म्हणजे रॉकेल भरणं आज नाहीच. मला घाईने डाख ओतायचा नाही. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत एक आजोबा अजून हाताने काम करतात, त्यांना दाखवलं. त्यांनी टाकी कानाशी धरून बोटाने टिचकी मारली, दोन जागी पुन्हा मारली आणि म्हणाले, "पत्रा चांगला आहे गं, फक्त पाय सोडवून खालून ठिगळ द्यावं लागेल. शनिवारी ये, आणि ते मेण पुसून आण. मेणावर डाख धरत नाही."

आज संध्याकाळी त्या पायाभोवतीचं मेण गरम पाण्याने काढते आहे.