आमची वाटचाल : सांगलीतलं ग्राफिक्स कार्डाचं दुकान आणि ती नकली १०५० टीआय

सांगली-मिरजेत कॉम्प्युटरची दुकानं पैशाला पासरी आहेत, पण ऑनलाईन गेम खेळणाऱ्या पोराच्या पीसीवर टेक्श्चर (गेममधल्या भिंती-जमिनीवर चढवलेली चित्रं) लो वरून हाय ला न्यायचं आणि ते पण एफपीएस (सेकंदाला स्क्रीन किती वेळा बदलते तो आकडा) न पाडता, हे काम मन लावून करणारं दुकान आमचंच, हे मी छाती ठोकून सांगतो. लोक म्हणतात त्यात काय एवढं, सेटिंगमध्ये जायचं आणि हाय करायचं. करून बघा मग. समोरचा कोपऱ्यातून निघाला की नेमकी त्याच क्षणाला स्क्रीन अडकते आणि मग पोरगं नेटवाल्याला शिव्या घालतं, नेटचा काडीचा संबंध नसतो.

२००९ ला मी आणि माझा मिरजेचा दोस्त, आम्ही दोघांनी विश्रामबागला गेमिंग कॅफे टाकला. वालचंद कॉलेजची पोरं जवळ, त्यांच्या जिवावरच चालायचा. काउंटर स्ट्राईक १.६ ही गोळीबाराची गेम, पीसी एकमेकांना जोडायला एक स्विच, सीआरटी मॉनिटर आणि ५१२ एमबीची ९४०० जीटी कार्डं. १.६ ला त्या कार्डाचं ओझं काहीच नव्हतं. पण पोरं नवीन गेम मागायला लागली तसा पार्टनरनं एक उद्योग सुरू केला, एक लांबडी वही घेतली, आपल्या दुकानदारांची असते ना लाल पुठ्ठ्याची तसली, आणि त्यात प्रत्येक कार्डाचं एक पान. कुठल्या गेमला टेक्श्चर कुठपर्यंत जातं, शॅडो (सावल्या) कुठं ठेवायचं, कार्डाची मेमरी किती भरते, सगळं हातानं लिहिलेलं आणि जिथं गडबड होते तिथं लाल पेनानं बाण. आफ्टरबर्नर, म्हणजे कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून, कोपऱ्यात मेमरीचा आकडा चालू ठेवून, रात्री कॅफे बंद झाल्यावर तो एकटा बसून खेळत बसायचा आणि लिहायचा. आमचा खरा धंदा त्या वहीतनं उभा राह्यला. कॅफे नंतर बंद केला, कार्डं विकणं आणि पीसी सेट करून देणं हेच ठेवलं, दुकान गावात हरभट रोडच्या बाजूला आणलं. पुढची काही वर्षं चांगली गेली, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. पार्टनरला पुण्यात नोकरी लागली, तो गेला, वही माझ्याकडं ठेवून गेला.

वहीच्या पहिल्या पानावर त्यानं जे लिहिलंय ते मी आजपण प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो. टेक्श्चर कार्डाच्या ताकदीवर कमी आणि मेमरीवर जास्त चालतं. ४०९६ बाय ४०९६ चं एक चित्र कच्चं ठेवलं तर ६४ एमबी खातं, बीसी७ नावाच्या पद्धतीनं दाबलं की १६ एमबी, वर मिपमॅपचा, म्हणजे त्याच चित्राच्या लांबून दिसायच्या छोट्या प्रतींचा, एक तृतीयांश धरा. अशी शेकडो चित्रं एका मॅपमध्ये, म्हणजे गेमच्या एका मैदानात. कार्डाच्या मेमरीत सगळं मावलं तर हाय काय आणि लो काय, एफपीएस मध्ये फार फरक पडत नाही. मावलं नाही की मग कार्ड पीसीच्या रॅममधनं ओढत बसतं आणि तिथंच अडकतं. त्यामुळं आमच्याकडं येणारी निम्मी पोरं नवीन कार्ड घ्यायला यायची आणि कार्ड न घेता जायची, कारण त्यांनी शॅडो अल्ट्रा ठेवलेलं असायचं आणि टेक्श्चर लो, म्हणजे बरोब्बर उलटं. शॅडो खाली, टेक्श्चर वर, ॲनिसोट्रॉपिक १६ एक्स, झालं काम. ते १६ एक्स बहुतेक कार्डांना जवळपास फुकटात पडतं आणि लांबची जमीन पुसट दिसायची बंद होते, तरी लोक बंद करून ठेवतात, का ते मला आजपर्यंत कळलं नाही.

आमचे एक हळदीवाले दादा आहेत, मार्केट यार्डात अडत आहे त्यांची. दिवसभर सौदे, बोली, पोती, आणि रात्री जेवण झालं की काउंटर स्ट्राईक. पन्नाशीचा माणूस. पहिल्यांदा आले तेव्हा मला विचारलं, मालक, टेक्श्चर वाढवलं तर पिंग वाढंल का हो. पिंग म्हणजे गेमच्या सर्व्हरला सांगावा जाऊन यायला लागणारा वेळ. मी त्यांना बसवून सांगितलं, दादा, सर्व्हरकडनं फक्त कोण कुठं आहे, गोळी कुणी मारली एवढंच येतं, भिंतीची चित्रं तुमच्या हार्डडिस्कमध्येच आहेत, पिंगला काय होत नाही. २०१६ च्या शेवटी १०५० टीआय निघाली, ४ जीबी, ७५ वॅट, वेगळी पॉवर वायर बहुतेक मॉडेलला लागत नाही, आणि दादांच्या घरचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) लोकल होता म्हणून मी तीच सुचवली, ती त्यांनी आमच्याकडनं पूर्ण भावात घेतली. एक रुपया कमी करा म्हणले नाहीत. बसवून दिल्यावर त्यांनी काउंटर स्ट्राईकचा डस्ट टू मॅप उघडला आणि गोळ्या मारायच्या सोडून भिंतीला नाक लावून उभे राह्यले, इटा बघत. हे वीट बघा मालक, कड दिसायली. मला त्या दिवशी आपल्या कामाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर कुठल्या मोठ्या ऑर्डरीला वाटला नाही.

आता जे सांगायचंय ते. २०१७ च्या मधल्या काळापासून २०१८ च्या सुरवातीपर्यंत माइनिंगवाल्यांनी, म्हणजे कार्डं चालवून क्रिप्टो नाणी कमावणाऱ्यांनी, बाजारातली कार्डं उचलली, आरएक्स ५८० कार्ड तर बघायला मिळंना, १०५० टीआय चा भाव पण चढला. मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात फोन केला की दर तासाला वेगळा रेट. आणि नेमकं त्याच टायमाला गावात एक नवीन दुकान उघडलं, नाव घेत नाही, घ्यायची इच्छा पण नाही, आणि तिथं १०५० टीआय ४ जीबी आमच्या जवळपास निम्म्या भावात. बॉक्सवर ठळक अक्षरात. पोरं तिकडं पळाली, साहजिक आहे, बापाकडनं पैसे मागून आणलेले असतात. पण गावात असं पसरवलं गेलं की मी इतकी वर्षं सगळ्यांना लुटलं. ज्या पोरांना मी फुकटात सेटिंग करून दिलं, कार्ड घेऊ नकोस म्हणून परत पाठवलं, त्यांनीच येऊन मला तोंडावर विचारलं, काका, आमच्याकडनं किती काढले तुम्ही. हे विसरता येत नाही. वर त्या दुकानाच्या काउंटरवर एक लॅमिनेट केलेला कागद, कुठल्या गेमला काय सेटिंग. आमच्या वहीची झेरॉक्स. पार्टनरनं काढलेले बाणसुद्धा तसेच.

काही महिन्यांनी कुपवाडचा एक पोरगा पीसी घेऊन आला. पब्जी टेक्श्चर व्हेरी लो ला चालतंय, वर नेलं की स्क्रीनवर रंगीत चौकोन आणि मग पीसी हँग. कार्ड तिथलंच. मी साईड पॅनल काढलं, मागं बघितलं तर व्हीजीए पोर्ट, म्हणजे जुन्या मॉनिटरची ॲनालॉग जोडणी. मला तिथंच कळलं. त्या १० सिरीजच्या चिपमध्ये ॲनालॉग आउटपुटच नाही, मग व्हीजीए आला कुठनं. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर त्या २०१८ सालीच नकली कार्ड ओळखायला लागलं होतं, ते चालवलं तर कार्डाच्या नावाच्या आधी कंसात फेक असं लिहून आलं. मग त्याच्या परवानगीनं कार्ड उघडलं. छोटा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घेतला, चार स्क्रू, पंखा बाजूला, चिपची उष्णता ओढणारी, वाळून पापडी झालेली पेस्ट आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि सुती कपड्यानं हळूहळू पुसली, आणि खाली चिपवर अक्षरं निघाली, जीएफ १०६. म्हणजे जीटीएस ४५०, २०१० सालचं कार्ड. १९२ कोर, खऱ्या १०५० टीआय ला ७६८. मेमरी १ जीबी, बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून ४ दाखवलेली. म्हणजे गेमला वाटतंय ४ जीबी आहे, ती बिनधास्त चित्रं भरतीय, १ जीबीच्या पुढं गेलं की खाली जमीनच नाही. त्या फर्मी नावाच्या जुन्या पिढीतल्या कार्डांना २०१८ च्या एप्रिलपासून नवीन ‘गेम रेडी’ (नव्या गेमसाठीचे) ड्रायव्हर पण बंद झाले होते, त्यामुळं ड्रायव्हर अपडेट केला की अजूनच घोळ. पोरगं रडायचं बाकी होतं. मी त्याच्याकडनं त्या दिवशी काही घेतलं नाही.

ते पोरगं कार्ड घेऊन तिकडं गेलं तर त्याला सांगितलं, हरभट रोडवाल्यानं उघडून बिघडवलं. घ्या. त्यानंतर मी नियम केला, कार्ड उघडताना गिऱ्हाईकाच्याच मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावायचा, पहिल्या स्क्रूपासून. आजपण तोच नियम आहे. मग एकेक करत बरीच कार्डं आली, सगळ्यांच्या मागं व्हीजीए. त्यांच्यापैकी किती जणांनी मला लुटारू म्हणलेलं परत घेतलं? फार थोड्यांनी. ते दुकान पुढं बंद झालं, मालक गाव सोडून गेला, पण आमचा त्या दोन वर्षांतला धंदा कुणी भरून दिला नाही. दुकानाचं भाडं मी घरातलं मोडून भरलं.

आणि त्याच्यावर २०१९ चा ऑगस्ट. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. सांगलीकरांना मी काय सांगू. माल वर चढवला होता, जेवढा चढवता आला तेवढा, पण गिऱ्हाईकांचे रिपेअरला आलेले पीसी, एसएमपीएस, मॉनिटर, गाळात गेले. वही घरी होती म्हणून राह्यली. पाणी उतरल्यावर शटर उघडून फावड्यानं गाळ काढत होतो तर हळदीवाले दादा आले, त्यांचं स्वतःचं नुकसान झालेलं, आणि म्हणले, अडतीतले कॉम्प्युटर आणि पाव्हण्यांच्या दुकानातले, सगळे तुम्हीच नवीन करायचे, आणि ॲडव्हान्स हातात ठेवला. कोटेशन मागितलं नाही. त्या पैशावर मी शंभर फुटी रोडला गाळा घेतला, आत्ता आहे तोच.

लॉकडाऊनला लॅपटॉप खपले, २०२० च्या जूनमध्ये व्हॅलोरंट ही नवीन ऑनलाईन गेम आली आणि पोरांना परत पीसी पायजे झाला, धंदा रुळावर आला. २०२१ ला कार्डांचे भाव परत वेड्यासारखे झाले. ह्या वेळी लोक माझं ऐकायला तयार होते, कारण ती नकली कार्डं सगळ्यांना आठवत होती. मी तेव्हा कार्डं विकलीच नाहीत फारशी, आहे त्याच कार्डात पेस्ट बदलून, धूळ काढून, डीडीयू मारून (जुना ड्रायव्हर मुळापासून काढून), नवीन ड्रायव्हर टाकून टेक्श्चर एक पायरी वर नेऊन दिलं. ज्यांच्याकडं २२०० जी प्रोसेसर होता, नुसतं त्यातल्याच व्हेगा ८ ग्राफिक्सवर खेळणारे, त्यांना एका रॅमच्या जागी दोन जोडीनं लावून दिल्या. कार्ड नसलेल्या पीसीत व्हिडिओ मेमरी रॅममधनंच जाते, सिंगल चॅनलवर, म्हणजे एकच पट्टी असली की, ती अर्ध्या रस्त्यानं चालते. एवढं साधं काम, आणि पीसी बनवून देणारे ८ जीबीची एकच पट्टी लावून मोकळे होतात.

जाता जाता जी गोष्ट रोज बघतो ती पण सांगतो. कार्ड घेताना नुसतं किती जीबी विचारू नका, मेमरी कुठली ते विचारा. जीटी ७३० चं ४ जीबी डीडीआर३ मिळतं, आकडा मोठा म्हणून लोक घेतात, पण ती मेमरी इतकी सावकाश की चित्रं मावतात आणि तरी गेम घसटत चालते. १०३० मध्ये पण डीडीआर४ आणि जीडीडीआर५ अशा दोन जाती आहेत, नाव तेच, काम वेगळं. मेमरी काठोकाठ भरू नका, पाच-सातशे एमबी मोकळी राहू द्या, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड पण त्यातच खातात. आणि ऑनलाईन गेममध्ये बाहेरचे एचडी टेक्श्चर पॅक टाकू नका रे पोरांनो. काउंटर स्ट्राईकच्या सर्व्हरवर एसव्ही प्युअर, म्हणजे फाईली तपासायचं सेटिंग, चालू असलं की बदललेल्या फाईली चालत नाहीत, आणि दुसऱ्या काही गेममध्ये फाईलींना हात लावला म्हणून अकाउंटच जातं. विकत घेतलेल्या स्किनसकट.

दादांची १०५० टीआय सात वर्षं चालली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये काउंटर स्ट्राईक २ आली तेव्हा डस्ट टू त्या कार्डावर मिडीयमला आणावं लागलं, तर ते चौथ्याच दिवशी दुकानात, मालक, भिंत पुसट दिसायली, काय ते करा. एसएमपीएस बदलला, ८ जीबीचं कार्ड बसवलं, आणि जुनी १०५० टीआय मी त्यांच्याकडनं विकत घेतली. त्याच कुपवाडच्या पोराच्या धाकट्या भावाला दिली, उघडून, चिपवरची अक्षरं दाखवून, त्याच्याच मोबाईलवर व्हिडिओ काढून.