ही गोदू कोण?

रविवारची दुपार, जेवण अंगावर आलेलं, आणि घरच्या ग्रुपवर भाच्याचा निरोप: 'बारसं तोंडावर आलंय, नावं सुचवा.' अर्ध्या तासात नीरा, रेवा, शरयू, इरावती असा निम्मा भूगोल गोळा झाला. नद्यांचे दिवस परत आलेत तर! नीरेवर एका काकांनी 'थंड की साधी?' असं विचारून घेतलंच. मुळा-मुठा मात्र पुणेकरांनीही सुचवल्या नाहीत.

आमच्या पिढीनं या नावांना नाकं मुरडली. गंगू, यमी, गोदी म्हणजे नाटकातल्या मोलकरणी. त्याआधी घरटी एखादी नदी असायचीच. बाबासाहेबांच्या आई भीमाबाई. वाई-सांगलीकडे तर कृष्णा हे बाईचंही नाव. वाईच्या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव होतो, तो नदीचाच. त्या बाजूच्या माझ्या एका आत्याच्या रेशनकार्डावर कुणीतरी कृष्णापुढे बेलाशक 'पुरुष' लिहून टाकलं होतं. 'साखर तेवढीच मिळते ना?' म्हणून तिनं ते कधी दुरुस्त करून घेतलं नाही.

मनूला हे मुळीच पसंत नव्हतं. नक्षत्र, झाड, नदी, पर्वत, पक्षी यांचं नाव असलेली मुलगी बायको करू नये, असं मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. म्हणजे रोहिणी, तुळसा, गंगा, मैना, सगळ्याच बाद! आणि उठताबसता मनूचा हवाला देणाऱ्या घरांनीच पाळण्यांत गोदावऱ्या आणि यमुना निजवल्या. सगळी स्मृती सोडून हाच एक नियम बरा धाब्यावर बसवला.

माझी आजी माहेरची गोदावरी, सासरची इंदिरा. तांदळाच्या ताटात आजोबांनी अंगठीनं लिहिलं, ते नाव. दिवाळीत ती आम्हा पोरांना न्हाऊ घालायची. बंबातलं कढत पाणी घंगाळात, त्यात विसण, आणि पहिला तांब्या डोक्यावर ओतताना 'गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति'. शिकेकाईनं डोळे चुरचुरत असायचे, तरी तांब्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'चि. गोदूस' दिसायचं. मी एकदा विचारलं, "ही गोदू कोण गं?"

"होती एक," म्हणाली, आणि दुसरा तांब्या ओतला.

भाऊबीजेला मामाआजोबा यायचे. फाटकातूनच 'गोदेऽऽ' अशी आरोळी. त्या हाकेला आजी 'ओ' द्यायची तो आवाज आमच्या घरातला नसायचा. आजोबा तेवढ्यापुरते वर्तमानपत्रात डोकं घालत.

मोठ्या घरांतही तीच तऱ्हा. कल्याणला 1865 साली जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि आनंदीबाई जोशी म्हणून अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना रानड्यांकडे रमा झाली. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. एवढं मोठं धाडस, पण नाव बदलायचं राहिलं नाही, गोदूची आनंदी झालीच. नदी सागराला मिळाली की नाव टाकते वगैरे कवी म्हणतात, म्हणोत. तापी पार सुरतेपुढे समुद्रात शिरेपर्यंत तापीच असते. घरातल्या तापीला उंबऱ्यापर्यंतच मुभा.

ग्रुपवर हे सगळं लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. बारशाच्या आधी कोण ऐकणार?

शिवाय नाव बदलणं सरसकट वाईट म्हणावं, तर कृष्णा जिथं उगम पावते तो सातारा जिल्हाच आडवा येतो. तिथं मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना 'नकुशी' नाव ठेवलेलं होतं. हजेरीत नकुशी, दाखल्यावर नकुशी. 2011 च्या ऑक्टोबरात तिथल्या प्रशासनानं अशा 285 मुलींचं नव्यानं बारसं केलं. त्यांच्यातल्या कित्येकींनी आपली नावं आपणच निवडली. एखादी सिनेमातली ऐश्वर्या झाली, एखादी सावित्री. कुणाच्या अंगठीची वाट न बघता.