सोळा ठिपक्यांची मांडणी: माझा अनुभव

एमटेकच्या प्रोजेक्टला मी कॉन्स्टेलेशन डिझाइन, म्हणजे रेडिओ सिग्नलमधून बिट नेणाऱ्या बिंदूंची मांडणी ठरवणं, हा विषय घेतला, तेव्हा तो कागदावरच उरकेल असं वाटलं होतं. आय आणि क्यू हे सिग्नलच्या दोन घटकांचे अक्ष, त्यांवर सोळा बिंदू, प्रत्येक बिंदू चार बिट नेणार. बिंदूची ऊर्जा म्हणजे केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग, आणि तिची सरासरी ठरलेली. बिंदू एकमेकांपासून जितके लांब, तितकी नॉइजमध्ये रिसीव्हरची गफलत कमी. याचं तयार उत्तर म्हणजे १६-क्वॅम: ±१ आणि ±३ ची चौकोनी जाळी, सर्वांत कमी अंतर २, सरासरी ऊर्जा १०.

"याच्यापेक्षा बरं काही निघतंय का ते बघ गं," एवढं बोलून गाइड सर मोकळे झाले.

मी पायथॉनमध्ये सोळा बिंदू कसेही टाकले आणि ग्रेडियंट डिसेंट लावला. चुकीची शक्यता कमी होईल तसे बिंदू सरकवायचे, आणि दर पायरीला ऊर्जा पुन्हा मूळ आकड्यावर आणायची. सुरुवात बदलली की उत्तर थोडं बदलायचं, पण चांगल्या उत्तरांचा तोंडवळा एकच. कॅरमच्या मधल्या वर्तुळात सोंगट्या रचतो तशी षटकोनी रचना, कडेला जरा वेडीवाकडी. १९७४ साली बेल लॅब्समधल्या फॉशिनी, गिटलिन आणि वाइनस्टाईन यांनी हेच केलं होतं आणि त्यांनाही असंच काहीसं मिळालं होतं, हे पेपर चाळताना कळलं. नॉइज कमी असताना फायदा साधारण अर्धा डेसिबल (डेसिबल म्हणजे पॉवरच्या गुणोत्तराचं माप). मला तो आकडा फारच आवडला होता.

मग प्रत्येक बिंदूला चार बिटांचं लेबल लावायची वेळ आली. ग्रे कोडिंगचा, म्हणजे शेजाऱ्यांच्या लेबलांत एकाच बिटाचा फरक ठेवण्याचा, सगळा फायदा असा, की शेजारच्या बिंदूवर घसरलं तरी एकच बिट चुकतो. षटकोनी रचनेत आतल्या बिंदूला सहा शेजारी. चार बिटांच्या लेबलपासून एका बिटाच्या अंतरावर लेबलं मात्र चारच. म्हणजे दोन शेजारी नाराज होणारच, आणि यात कुणाची हुशारी चालत नाही. सोळा लेबलं वाटण्याचे प्रकार सुमारे २१ लाख कोटी, म्हणून सगळे तपासण्याचा प्रश्नच नव्हता. दोन लेबलांची अदलाबदल करायची, चुकणारे बिट कमी झाले तर ठेवायची, नाहीतर परत फिरवायची, असं रात्रभर चालवलं. तरी बिट एररच्या आलेखात तो अर्धा डेसिबल जवळपास गिळला गेला, आणि नॉइज जास्त असलेल्या भागात तर साधं १६-क्वॅमच पुढे. लोक चौकोनी जाळीला आळशी पर्याय म्हणतात, ते मला तेव्हापासून पटत नाही.

खरी गंमत लॅबमध्ये आली. एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) बोर्ड, छोटा पॉवर अँप्लिफायर, अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल क्षीण करणारा भाग, परत बोर्ड. अँटेना नाही, सगळं केबलवर. कमी पॉवरला स्क्रीनवर १६-क्वॅमचे सोळा नीट पुंजके. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) चढवत नेला तसे चारही कोपरे आत ओढले गेले आणि जरासे फिरलेही, आतले चार मात्र ढिम्म. कारण उघड आहे: कोपऱ्याची ऊर्जा १८, आतल्या बिंदूची २, म्हणजे नऊपट. अँप्लिफायर आधी कोपऱ्यांवरच दमतो. सरासरीच्या मानाने शिखर (कोपऱ्याची ऊर्जा) २.५५ डेसिबल वर, तेवढी पॉवर मागे घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

उपग्रहावरच्या अँप्लिफायरची अडचण हीच, आणि म्हणूनच डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रसारणाच्या स्टँडर्डमध्ये १६-एपीएसके ही मांडणी आहे: आत ४, बाहेर १२, अशी दोन वर्तुळं. बाहेरची त्रिज्या आतल्याच्या किती पट, हे मी वहीत सोडवलं. दोन्ही वर्तुळांवरच्या शेजाऱ्यांमधलं अंतर सारखं ठेवलं की गुणोत्तर १+√३, म्हणजे २.७३ येतं. स्टँडर्डच्या तक्त्यात कोड रेटप्रमाणे (चुका सुधारणाऱ्या कोडमध्ये खऱ्या माहितीचा वाटा किती, त्याप्रमाणे) ते २.५७ पासून ३.१५ पर्यंत दिलंय. म्हणजे कोड बदलला की मांडणीही बदलते. २.७३ ला कमीत कमी अंतरात क्वॅमच्या तुलनेत सुमारे ०.७ डेसिबल गमावतो, पण शिखर सरासरीच्या १.०६ डेसिबलच वर राहतं, म्हणजे तिकडे जवळपास दीड डेसिबल सुटतो. शिखराची मर्यादा असलेल्या यंत्रावर हा सौदा फायद्याचाच. सरांना मी हे आकडे दाखवले तेव्हा त्यांनी षटकोनी मांडणीचं प्रकरण रिपोर्टमधून काढू नको, एवढंच सांगितलं.

एपीएसकेचा आणखी एक फायदा हाताने करताना कळतो. क्वॅममध्ये तीन वेगवेगळ्या त्रिज्या, इथे दोनच. बाहेरचं वर्तुळ किती आत येतं आणि किती अंश फिरतं ते मोजलं, आणि पाठवतानाच बिंदू तेवढे बाहेर आणि उलट दिशेला फिरवून ठेवले. दोन ओळींचा कोड. पुंजके जागेवर आले, पण बाहेरचे थोडे पसरटच राहिले. सिग्नलचा आकार गुळगुळीत करणाऱ्या पल्स शेपिंग फिल्टरमुळे एका बिंदूवरून दुसऱ्यावर जाताना सिग्नल मध्येच शिखराच्याही वर उडी मारतो, आणि ती उडी बिंदू सरकवून आवरत नाही. त्यासाठी आधीच्या बिंदूंचा हिशेब ठेवणारं प्रीडिस्टॉर्शन (विकृतीच्या उलट बदल आधीच करून पाठवणं) लागतं. ते आता पुढच्या बॅचच्या एका मुलाने घेतलंय. बोर्ड आणि केबल त्याच्याकडेच आहेत.